बाटली क्रमांक ५३-एन : वाल्देमार हाफकिन यांची मुंबईतील प्रयोगशाळा आणि दोषनिश्चितीचा प्रश्न

प्रास्ताविक

२०२१ साली गोरेगावच्या नेस्को संकुलात, मुलुंडच्या केंद्रात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील मंडपात ज्यांनी करोनाची लस घेतली, त्यांच्यापैकी अनेकांनी आपले प्रमाणपत्र अद्याप जपून ठेवले असेल. त्यावर नाव, दिनांक, लसीचे नाव यांच्यासोबत अक्षरे आणि अंक मिसळलेला एक क्रमांकही छापलेला असतो. आपण त्याच्याकडे सहसा पाहत नाही. लस ज्या तुकडीतून आली त्या तुकडीचा तो क्रमांक होय. सर्व काही सुरळीत पार पडले तर त्याचा कोणालाच उपयोग नसतो. मात्र एखाद्या ठिकाणी लस घेतलेली माणसे दगावली, तर दोष कारखान्यातला, वाहतुकीतला की टोचणाऱ्या हातातला, या प्रश्नाचा शोध त्या क्रमांकापासूनच सुरू करावा लागतो.

हाच प्रश्न एकशेवीस वर्षांपूर्वी मुंबईत तयार झालेल्या एका बाटलीविषयी विचारला गेला. त्याचे जे उत्तर तेव्हा दिले गेले, त्यामुळे एका मोठ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द मध्यावरच मोडली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, कारण सर्पदंशावरील प्रतिविष व पोलिओची लस या संदर्भात ते वारंवार कानावर येते. परंतु ज्यांच्या नावाने ती संस्था ओळखली जाते त्या वाल्देमार मोर्डेकाई हाफकिन यांना त्याच प्रयोगशाळेतून आरोपीप्रमाणे बाहेर पडावे लागले होते, ही बाब मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. मराठी वाचकाच्या स्मरणात १८९७ चा प्लेग आहे तो रँडच्या वधामुळे, टिळकांवरील खटल्यामुळे आणि सावित्रीबाई फुले यांच्या मृत्यूमुळे. प्रयोगशाळा त्या स्मरणातून निसटली आहे. प्रस्तुत लेखात हाफकिन यांचे संपूर्ण चरित्र देण्याचा हेतू नाही. सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत पुरावा म्हणजे काय आणि तो कसा वाचला जातो, हे त्यांच्या मुंबईतील कार्याच्या आधारे विज्ञानेतर शाखांतील सहकाऱ्यांनाही समजेल अशा रीतीने मांडणे, एवढाच मर्यादित उद्देश आहे.

ओडेसा ते मुंबई

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. झारच्या रशियात ज्यू व्यक्तीला प्राध्यापकपद मिळणे दुरापास्त होते. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले ते ग्रंथालयातील साहाय्यकाच्या जागेवर. ग्रंथालयाचे काम सांभाळून त्यांनी पटकीच्या जिवाणूवर संशोधन केले आणि जुलै १८९२ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि तेथील वस्त्यांत व उत्तर भारतात त्यांनी हजारो लोकांना पटकीची लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना जागा मिळाली ती एक खोली व एक ओसरी, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. या काळात काही लाख लोक शहर सोडून गेले. साष्टी बेटावरील गावांतही साथ पोहोचली. वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले क्रूस आजही उभे आहेत. जी उपनगरे आज शहराचाच भाग समजली जातात, त्यांच्या वाढीचा एक धागा त्या साथीपर्यंत मागे जातो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तुपाखाली वाढणारा जिवाणू

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे आढळला होता. लस करायची तर तो मोठ्या प्रमाणावर आणि निर्भेळ स्वरूपात वाढवणे आवश्यक होते. येथे हाफकिन यांनी योजलेली युक्ती भारतीय स्वयंपाकघराशी नाते सांगणारी आहे. बोकडाच्या मांसापासून तयार केलेला पातळ रस ते काचेच्या चंबूत भरत. गोमांस व डुकराचे मांस त्यांनी वर्ज्य केले होते, कारण लस हिंदूंना व मुसलमानांना सारखीच टोचायची होती. या रसावर ते तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडत. थेंब पृष्ठभागावर तरंगतात, आणि चंबू स्थिर ठेवला तर प्लेगचे जिवाणू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून, गुहेच्या छतापासून खाली लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांप्रमाणे खाली वाढत जातात. काही दिवसांनी चंबू हलवला की ही वाढ तळाशी बसते आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होते.

या पद्धतीचे दोन लाभ होते. थोड्या जागेत भरपूर पीक मिळत असे, हा पहिला. दुसरा लाभ या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. असे लोंबते खांब ही प्लेगच्या जिवाणूची खूण होती, आणि चंबू हलला तर ती तत्काळ मोडत असे. म्हणजे उत्पादनाची रीत हीच ओळख पटवण्याचीही रीत होती. सुमारे सहा आठवड्यांच्या वाढीनंतर द्रव ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ठेवून जिवाणू मारले जात. त्यानंतर त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळून द्रव बाटल्यांत भरला जाई. हे आम्ल कशासाठी होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे सारा वाद त्याभोवतीच फिरला. जिवाणू मारण्याचे काम उष्णतेने आधीच केलेले असे. भरताना अथवा नंतर एखादा परका जंतू आत शिरलाच तर त्याची वाढ होऊ नये, यासाठी आम्लाची राखण होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कित्येक पट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील तीनशेहून अधिक कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी स्वखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि कोणीही दगावले नाही. एकच अन्न, एकच पाणी, एकच भिंत, आणि फरक फक्त लसीचा, हे या प्रयोगाचे बळ होते. त्याची उणीवही तेवढीच उघड आहे. स्वखुशीने पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी हे प्रकृतीने व स्वभावाने सारखेच असतात असे गृहीत धरता येत नाही. शिवाय टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या शरीरात रोग रुजलेला होता त्यांना कोठे मोजायचे, हाही प्रश्न उरतो.

ही उणीव हाफकिन जाणून होते, याचा पुरावा फेब्रुवारी १८९८ मधील उंढेरा येथील प्रयोगात मिळतो. बडोद्याजवळच्या या खेड्यात त्यांनी घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि उरलेल्यांना तशीच ठेवले. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग झाला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ माणसांपैकी ३ दगावली, तर न घेतलेल्या ६४ माणसांपैकी २६. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांमधील हा फरक होता. तुलनेसाठी समान गट निवडण्याचे हे तत्त्व आज आपण संशोधनपद्धतीच्या पहिल्या प्रकरणात शिकवतो. मात्र ज्यांना मुद्दाम वगळले गेले त्या ६४ जणांचा विचार मनात आल्याशिवाय हे आकडे वाचता येत नाहीत, हेही येथे नोंदवणे भाग आहे. आजची कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला सहजी मान्यता देणार नाही.

मागणी वाढत गेली. आगाखान तिसरे यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतल्यामुळे खोजा समाज मोठ्या संख्येने पुढे आला. त्यांनी प्रयोगशाळेला माझगावातील आपली वास्तूही काही काळ दिली होती. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. याच राजभवनात १८८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला होता. पटकीची लस शोधणारा शास्त्रज्ञ त्याच वास्तूचा प्रमुख व्हावा, हा योगायोगच म्हणायचा.

मुलकोवाल

१९०२ च्या पावसाळ्यानंतर पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम हाती घेतली आणि मुंबईकडे अल्प मुदतीत लाखो मात्रांची मागणी आली. जुन्या पद्धतीने एवढे उत्पादन होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी पद्धत बदलली. पातळ रसाऐवजी घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवून ते पाण्यात मिसळण्याची जलद रीत त्यांनी स्वीकारली आणि कार्बोलिक आम्ल गाळले. लस निर्जंतुक होण्यास उष्णता पुरेशी आहे, असे त्यांचे मत होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवडाभरानंतर त्यांच्यापैकी १९ जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. जबडे मिटले, पाठीची कमान झाली आणि एकामागून एक ते सर्व १९ जण मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. त्या दिवशी इतर बाटल्यांतून ज्यांना टोचले त्यांना असा त्रास झाला नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली मुलकोवाल येथे उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली होती आणि कार्बोलिक आम्ल गाळल्यामुळे संरक्षण नाहीसे झाले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. हाफकिन यांना प्रयोगशाळेचे प्रमुखपद गमवावे लागले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

कोणत्या टप्प्यावर ?

आयोगाच्या या निष्कर्षाची छाननी करण्यासाठी धनुर्वाताच्या जिवाणूविषयी तीन गोष्टी माहीत असणे पुरेसे आहे. एक, तो मातीत व शेणात सर्वत्र असतो, आणि तेथे तो कठीण कवचाच्या बीजाणूरूपात राहतो. हे बीजाणू ७० अंशांच्या उष्णतेने मरत नाहीत. दोन, त्याला वाढीसाठी प्राणवायू नसलेली जागा लागते. मृत जिवाणूंनी भरलेली बंद बाटली ही त्याच्यासाठी उत्तम जागा ठरते. तीन, माणूस मरतो तो जिवाणूमुळे नव्हे, तर त्याने तयार केलेल्या विषामुळे. आणि हे विष उष्णतेने नष्ट होते.

या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या तर आयोगाचे म्हणणे अशक्य कोटीतील नव्हते, हे प्रथम मान्य करावे लागते. परळमध्ये एखादा बीजाणू आत शिरला असता तर उष्णतेने तो मेला नसता, आणि आम्ल नसल्यामुळे बंद बाटलीत तो वाढू शकला असता. परंतु शक्य असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. बीजाणू परळमध्येच शिरला असता तर मुलकोवालला पोहोचेपर्यंत त्याला वाढायला पुष्कळ अवधी मिळाला असता. अशा बाटलीतील द्रवात भरपूर विष आधीच तयार असते आणि लक्षणे लवकर दिसू लागतात. मुलकोवालला ती आठवडाभराने दिसली. हे मोजक्या जंतूंनी शरीरात शिरून, रुजून, मग विष तयार केल्याचे लक्षण अधिक वाटते. दुसरे असे की, धनुर्वाताचे जिवाणू द्रवात वाढले की उग्र दुर्गंधी सुटते. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. आणि तिसरी बाब साक्षीतच नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो कार्बोलिकच्या पाण्यात केवळ बुडवून पुन्हा वापरला गेला होता. खेड्यातील अंगणाची जमीन ही धनुर्वाताच्या बीजाणूंचे घर असते, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

प्रयोगशाळेत नळीचे तोंड ज्योतीवरून फिरवण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावतो. ती त्यांना निरर्थक कवायत वाटते. वर्षभरात एखादे संवर्धन बिघडते, ते फेकून दिले जाते, गुण थोडे कमी होतात आणि विषय संपतो. मुलकोवालच्या बाटलीबाबत तो संपणे शक्य नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते आयोगाची मूळ चूक रसायनशास्त्राची नव्हती, तर्कशास्त्राची होती. प्रचलित पद्धतीत बदल झालेला आढळला. अपघातही झालेला आढळला. तेव्हा बदल हेच अपघाताचे कारण, असे जोडले गेले. दूषण कोणत्या टप्प्यावर झाले हे ठरवण्यासाठी लागणारी स्वतंत्र साक्ष, म्हणजे वास, लक्षणांचा कालावधी व चिमटा, नोंदीत होती, परंतु तिला योग्य वजन दिले गेले नाही. त्यात हाफकिन डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते, ज्यू होते आणि भारतीय वैद्यकीय सेवेच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर नेमले गेले होते. या बाबींचा निर्णयावर किती परिणाम झाला हे मोजता येत नाही. तथापि त्या काळीही या प्रकरणाची तुलना ड्रेफस खटल्याशी केली गेली होती.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १८९८-९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य करतानाच मात्रांचे प्रमाणीकरण व बाटल्यांतील दूषण याविषयी चिंता व्यक्त केली होती. इशारा समोर असताना राखण काढून घेणे हा निर्णय धाडसाचा होता. उष्णता पुरेशी आहे हे हाफकिन यांचे म्हणणे परळच्या खोलीपुरते बरोबर होते. परंतु लस परळमध्ये टोचली जात नाही. ती अंगणात, बाजारात, धुळीत टोचली जाते. आम्लाचा उपयोग नेमका तेथे होता. अर्धा टक्का कार्बोलिकने बीजाणू मेला नसता, त्याची वाढ मात्र रोखली गेली असती. आणि उघडण्याच्या क्षणीच दूषण झाले असेल, तर त्या आम्लाने एवढ्या थोड्या वेळात काहीही साधले नसते. अर्थात हाफकिन यांचा बचाव खरा मानला तर आम्ल गाळण्याचा आणि त्या १९ मृत्यूंचा संबंधच उरत नाही.

निर्दोषत्व

आयोगाचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध होण्यास १९०६ चा डिसेंबर उजाडला. तो हाती येताच रोनाल्ड रॉस यांनी मार्च १९०७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात व वृत्तपत्रांत साक्षीतील विसंगती दाखवून दिल्या. मलेरियाच्या संशोधनासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाने हे लिहिल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले. जुलै १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. त्यात कलकत्त्याचे माजी आरोग्याधिकारी सिम्प्सन यांचाही समावेश होता. दूषण कोणत्या टप्प्यावर झाले हे निश्चित सांगता येत नाही, या मुद्द्यावर प्रकरण वळले. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले आणि १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा सेवेत बोलावण्यात आले.

या विजयात एक बोचरी गोष्ट दडलेली आहे. शास्त्रज्ञ निर्दोष ठरला तो चिमट्यामुळे, आणि चिमटा धरणारा हात होता एका कंपाउंडरचा. त्याच्या बाजूने ‘नेचर’मध्ये कोणी लिहिले नाही. त्याला कोणते प्रशिक्षण मिळाले होते, एका दिवसात शंभरावर माणसे टोचायची असताना चिमटा उकळत ठेवण्याइतका वेळ व सरपण त्याच्यापाशी होते काय, हे प्रश्न या वादात गौण ठरले. जबाबदारी साखळीच्या वरच्या कडीवरून खालच्या कडीवर आली एवढेच.

तुकडीचा क्रमांक या साखळीत काय करू शकतो, हे येथे स्पष्ट होते. ५३-एन हा क्रमांक नोंदलेला होता म्हणूनच १९ मृत्यू एकाच बाटलीशी जोडता आले आणि इतर बाटल्यांवरील संशय दूर झाला. मात्र क्रमांक बाटलीपर्यंत नेतो, क्षणापर्यंत नेत नाही. बाटली कधी भरली, कोणी भरली, त्याच दिवशी भरलेल्या इतर बाटल्यांचे काय झाले, ती कोणत्या तापमानात प्रवास करून गेली आणि कोणी, कशाने उघडली, अशा प्रत्येक पायरीची नोंद सोबत असेल तरच दोष कोठे शिरला ते शोधता येते. प्रत्येक तुकडीतील नमुना राखून ठेवणे व ती बाहेर पाठवण्यापूर्वी निर्जंतुकतेची स्वतंत्र चाचणी करणे हे आज लसउत्पादनात बंधनकारक आहे.

कलकत्ता आणि लोझान

हाफकिन परत आले ते कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. तेथे बॅनरमन प्रमुख झाले होते आणि १९०६ मध्ये तिचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे झाले होते. कलकत्त्यात त्यांना संशोधनाला मुभा होती, मोठ्या प्रमाणावर लस तयार करून ती लोकांत नेण्याचे काम मात्र त्यांच्याकडे नव्हते. मृत जिवाणूंपासून पटकीची लस करण्याच्या प्रयत्नात त्यांनी ही वर्षे घालवली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त झाले. सहकाऱ्यांशी संबंध तुटक होते. एकटेपणा व धार्मिकता दोन्ही वाढत गेली.

परळमध्ये लसीचे काम थांबले नव्हते. १८९७ ते १९२५ या कालावधीत तेथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाखांहून अधिक मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये तत्कालीन संचालक मॅकी यांच्या प्रयत्नांनी संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा युरोपात होते. आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, अशा आशयाचे पत्र त्यांनी संस्थेला पाठवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी, मुलकोवालच्या त्या दिवसाला अठ्ठावीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस असताना, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.